विषय मुलांना निवडू द्या: इंदूरच्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधली मराठी मंडळं, सार्वजनिक गणेशोत्सव समित्या आणि मराठी वाचनालयं यांचे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी एक ओळ ठरलेली असते. 'शालेय विद्यार्थ्यांसाठी वक्तृत्व स्पर्धा, मोठा गट, इयत्ता नववी ते बारावी, वेळ ५ मिनिटे.' खाली तीन-चार विषय: मोबाइल शाप की वरदान, पर्यावरण आणि आपण, माझे आवडते संत, वाचाल तर वाचाल. लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, विषयांची यादी फारशी बदलत नाही. आम्ही या स्पर्धांसाठी मुलांची तयारी करून घेतो आणि आमच्यातले काही जण परीक्षकाच्या खुर्चीवरही बसतात. आमची विनंती एवढीच आहे की मोठ्या गटासाठी ही ओळ यंदा बदला. विषय देऊ नका, क्रमांक काढू नका. आठ विद्यार्थी निवडा, प्रत्येकाला सहा मिनिटं द्या आणि त्याला किंवा तिला मनापासून महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट लोकांसमोर मांडू द्या. त्याआधी सहा आठवडे त्यांच्याबरोबर काम करा.

लहान गट आहे तसाच राहू द्या. चौथी-पाचवीच्या मुलाला पाठ करून, स्पष्ट आवाजात, न घाबरता उभं राहता आलं तर ते त्या वयाला पुरेसं आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मात्र मुलांना मतं असतात, राग असतो, प्रश्न असतात आणि आपण त्यांच्या हातात अजूनही आईने लिहिलेली दोन पानं देतो.

पाठ केलेल्या भाषणाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो' यात पहिलं अर्धं मिनिट जातं. मग एखादं सुभाषित, मग शब्दकोशातल्यासारखी व्याख्या, मग ठरवून दिलेल्या जागी वर जाणारा उजवा हात. घोकलेलं भाषण साखळीसारखं असतं, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यात अडकवलेलं. एक कडी निसटली की पुढचं काहीच सापडत नाही, म्हणून मूल मागे जातं, तोच परिच्छेद पुन्हा सुरू करतं आणि पुन्हा त्याच शब्दापाशी थांबतं. लोक टाळ्या वाजवून धीर देतात, पण दोष मुलाच्या स्मरणशक्तीचा नसतो. अर्थाच्या आधाराने पुढे जायची वाट त्याला कुणी दाखवलेलीच नसते.

इंदुरात याला आणखी एक पदर आहे. आपली बहुतेक मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी घरात बोलतात. देवनागरी त्यांना येते, पण ती हिंदीच्या सवयीने वाचतात. म्हणून कागदावरून पाठ केलेल्या भाषणात 'चूक', 'जग', 'झाड' यांतले च, ज, झ तालव्य होतात आणि 'ज्ञान'चं 'ग्यान' होतं. तोच मुलगा आजीशी बोलताना 'माझी काय चूक आहे?' असं अगदी नेमक्या दंत्य उच्चाराने म्हणतो. परीक्षक उच्चाराचे गुण कापतात, पुढच्या वर्षी घरचे आणखी घोटवून घेतात आणि भाषण आणखी कागदी होतं. मुलाला स्वतःच्या वाक्यांत बोलू दिलं की यातले बरेचसे उच्चार आपोआप जागेवर येतात, कारण ते त्याच्या कानात लहानपणापासून आहेत. मधूनच एखादा हिंदी शब्द येईल. येऊ द्या. 'अनुमती'ऐवजी 'इजाजत' म्हटल्याने कुणाचा विचार लहान होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात अवघड भाग बोलण्याचा नाही, विषयातून विचार काढण्याचा आहे आणि पहिले दोन आठवडे त्यातच जायला हवेत. निवडीसाठी लिहिलेलं भाषण मागवू नका, कारण मग घरच्यांचं लेखन निवडलं जाईल. एका कागदावर तीन प्रश्न द्या. काय बदलायला हवं असं तुला वाटतं? हे तुला कुठून कळलं, काय पाहून? हे कुणाला पटणार नाही आणि का? उत्तरं चार-पाच ओळींची पुरेत. मग प्रत्येकाला दहा मिनिटं समोर बसवून बोलतं करा. तिसरा प्रश्न खरी चाळणी आहे. 'पर्यावरण वाचवलं पाहिजे' याला नाही म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही, म्हणजे तो अजून विचार झालेला नाही.

उदाहरणार्थ, 'स्वच्छता' हा नुसता विषय आहे. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात अग्रस्थानी आहे, घरोघरी येणाऱ्या गाडीत कचरा सहा प्रकारांत वेगळा करून टाकायचा असतो आणि हे मुलांना पाठ आहे. पण एखादी अकरावीतली मुलगी म्हणाली की घरी सहा प्रकार करणारी मुलं शाळेच्या कॅन्टीनमध्ये सगळं एकाच डब्यात टाकतात, कारण तिथे बघणारं कुणी नसतं, आणि म्हणून कॅन्टीनच्या डब्यांची जबाबदारी आळीपाळीने एकेका वर्गाकडे द्यावी, तर तो विचार झाला. त्याला विरोध होऊ शकतो, तो तपासता येतो, उद्यापासून करून पाहता येतो. 'पाणी वाचवा' हाही विषयच. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवत इंदुरात आणलं जातं आणि आमच्या वसाहतीत त्याच पाण्याने सकाळी गाड्या धुतल्या जातात, त्यासाठी बोअरची वेगळी तोटी असावी, हा विचार. दहावीनंतर शाखा निवडण्याआधी शाळेने तिन्ही शाखांच्या मोठ्या मुलांशी तासभर बोलायची सोय करावी, हा विचार. शाळेच्या मैदानावर मुलींसाठी आठवड्यातले दोन दिवस राखून ठेवावेत, हाही विचार, आणि तो मांडताना समोरून कुरकुर ऐकू येईल, जी यायलाच हवी.

दोन आठवड्यांअखेर प्रत्येक वक्त्याकडे एक वाक्य असलं पाहिजे, पंधरा-वीस शब्दांचं, ज्यात क्रियापद आहे आणि जे ऐकून समोरचा 'असं का?' विचारेल. ते वाक्य होत नसेल तर पुढे जाऊ नका. इथे घाई केली की पाचव्या आठवड्यात विषय बदलायची वेळ येते.

तिसऱ्या आठवड्यातही लिहायचं नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि मुलाने तीन मिनिटं समोरच्या एका माणसाला ते सांगायचं. मग स्वतः ऐकायचं. जिथे स्वतःलाच कंटाळा येतो ती जागा कापायची. असं तीन-चार वेळा झालं की मुद्द्यांचा क्रम आपोआप बसतो. तेव्हा साधारण पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद घ्या आणि त्यावर पाच ओळी, प्रत्येक ओळीत तीन-चार शब्द. एवढंच लिखाण मंचावर जाईल. शब्दशः पाठ करायची ती फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन. पहिली दोन यासाठी, की छातीत धडधड सगळ्यात जास्त पहिल्या अर्ध्या मिनिटात असते आणि त्या वेळी शब्द शोधावे लागू नयेत. शेवटची दोन यासाठी, की शेवट ठरलेला नसला की मूल 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो' यावर येऊन टेकतं.

वेळेचा हिशोब नीट करा. मराठीत शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलतो, म्हणजे सहा मिनिटांत ६०० ते ७००. एक विचार, त्याचे दोन पुरावे, एक विरोधी मत आणि त्याला उत्तर, यासाठी तेवढे पुरतात. 'टेड' या भाषणांच्या जागतिक मंचावर कमाल मर्यादा १८ मिनिटांची आहे, पण ती अनुभवी प्रौढ वक्त्यांसाठीही कमालच आहे. १९९२ साली रिओ द जानेरोच्या वसुंधरा परिषदेत बारा वर्षांची सेव्हर्न सुझुकी बोलली ती सहा-सात मिनिटंच आणि ते भाषण आजही लोक शोधून ऐकतात. पहिल्या तालमीत सहाची नऊ मिनिटं होतात. तेव्हा प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढायला सांगू नका, त्याने भाषण गुदमरतं. एक अख्खा मुद्दा काढा. आणि घरी सहा मिनिटांत बसणारं भाषण मंचावर बहुधा पाचात संपतं, कारण भीतीने वेग वाढतो. त्यावर उपाय म्हणजे विरामाच्या जागा आधी ठरवणं. कार्डावर दुसऱ्या आणि चौथ्या ओळीखाली आडवी रेघ मारा. रेघ आली की एक पूर्ण श्वास.

चौथ्या आठवड्यात ओळखीच्या नसलेल्या पाच माणसांसमोर तालीम. त्यांनी सल्ला द्यायचा नाही. भाषण संपल्यावर 'याने काय सांगितलं?' याचं उत्तर प्रत्येकाने एका वाक्यात कागदावर लिहायचं. पाच कागदांवर पाच वेगळ्या गोष्टी निघाल्या तर काय दुरुस्त करायचं ते वक्त्याला न सांगता कळतं. सूचना देणारा माणूस प्रत्येक वक्त्यामागे एकच असावा. बाबा एक सांगतात, शाळेतल्या बाई दुसरं आणि मंडळाचे काका तिसरं, यात चांगली चांगली मुलं गोंधळून गेलेली असतात. आईवडिलांना आदराने सांगा की पाचव्या आठवड्यापर्यंत तालमीला यायचं नाही.

आकड्यांबद्दल कडक राहा. भाषणातला प्रत्येक आकडा कुठून घेतला ते वहीच्या एका पानावर लिहिलेलं असावं: महापालिकेचं कागदपत्र, शाळेचं रजिस्टर की स्वतः मोजलेलं. मुलाने आठवडाभर स्वतः मोजलेले आकडे सर्वांत चांगले. कुठून आला ते सांगता येत नाही तो आकडा भाषणात नको.

चॅटजीपीटीकडून लिहून आणलेली भाषणं आता येणारच. ती ओळखण्याच्या मागे लागू नका, त्यात संशय वाढतो आणि निष्पाप मुलं दुखावतात. कागद बाजूला ठेवायला सांगा आणि मधल्याच एका वाक्याबद्दल विचारा, 'हे तू तुझ्या भावाला कसं सांगशील?' ज्याचा विचार स्वतःचा आहे तो लगेच सांगतो. ज्याचा नाही त्याला तिथेच स्वतःचं वाक्य सापडायला सुरुवात होते, आणि आपल्याला तेच हवं आहे.

जागेविषयी आग्रहाने सांगतो: मांडवात नको. शेजारच्या मंडळाची आरती, येणारीजाणारी माणसं, प्रसादाची रांग, यात घोषणा चालते, विचार चालत नाही. शंभर-सव्वाशे खुर्च्यांचं सभागृह घ्या. दोनशे खुर्च्यांतल्या शंभर रिकाम्या दिसण्यापेक्षा शंभरातल्या शंभर भरलेल्या बऱ्या.

पोडियम काढून ठेवा. तो प्रौढ माणसाच्या छातीपर्यंत येतो, त्यामुळे नववीतल्या मुलीचे फक्त डोळे दिसतात आणि हात लपतात. साधा उभा स्टँड द्या आणि प्रत्येक वक्त्याआधी त्याची उंची बदलायला एक माणूस नेमा. माइक तोंडापासून अर्धी ते पाऊण वीत, म्हणजे १० ते १५ सेंटीमीटर, हनुवटीच्या पातळीला आणि थोडा तिरका हवा. अगदी समोर धरला की प, फ, भ यांचा वारा थेट आत जातो आणि भप् भप् ऐकू येतं. दूर गेला तर वेगळाच घोळ होतो. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, साऊंडवाला भरपाईसाठी आवाज चढवतो आणि मग स्पीकरमधून येणारा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शीळ वाजते. स्पीकरचे खोके नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा, वक्त्याच्या पाठीशी कधीही नको. हातातला माइक असेल तर जाळीवर मूठ आवळायची नाही हे मुलांना आधी दाखवा, त्यानेही शीळ येते. आणि साऊंडवाल्याला स्वतः जाऊन सांगा की इको पूर्ण बंद. उत्सवात गाण्यांसाठी तो लावून ठेवलेला असतो. भाषणात त्याने प्रत्येक शब्द पुढच्या शब्दावर सांडतो आणि मागच्या रांगेला काहीही कळत नाही.

हे सगळं पाचव्या आठवड्यात त्याच सभागृहात, त्याच माइकवर, प्रत्येकी दहा मिनिटं करून बघायला हवं. ट्रॉफ्यांचा खर्च वाचणार आहे, तो या एका संध्याकाळच्या भाड्यावर करा. सहाव्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका.

वेळेची घंटा नको, ती वाक्याच्या मध्ये पडते. पहिल्या रांगेत एक जण दोन कागद घेऊन बसेल: पाच मिनिटं झाली की पिवळा, सहा झाली की लाल. लाल दिसल्यावर शेवटची दोन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट. पडद्यावर काही दाखवायचं असेल तर तीन चित्रांपेक्षा जास्त नको. मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये असू द्या आणि फाईल पीडीएफ करून आणायला सांगा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते आणि पहिली दोन मिनिटं तिच्याकडे बघण्यात जातात.

आता आपल्या सगळ्यांना थोडं अवघड वाटेल असं. दीपप्रज्वलन पहिल्या पाच मिनिटांत व्हावं आणि लगेच पहिला वक्ता उभा राहावा. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, आभार हे सगळं शेवटी. यांना आधी पाऊण तास दिला की पडद्यामागे उभ्या असलेल्या मुलांचे हात गार पडतात आणि प्रेक्षकांचं लक्षही तोवर संपतं. प्रमुख पाहुण्यांना बोलावताना हे स्पष्ट सांगा. ज्यांना मुलांसाठी यायचं आहे ते समजून घेतील.

प्रत्येक भाषणानंतर तीन मिनिटं प्रश्नांना. नियम एकच, प्रश्न एका वाक्यात विचारायचा. मराठी सुधारून देणं हा प्रश्न नव्हे. 'शाब्बास बेटा'ही नव्हे. आठ वक्ते, प्रत्येकी सहा आणि तीन मिनिटं, मध्ये माइक बदलायला दीड, असे चौऱ्याऐंशी मिनिटांचे होतात. चौथ्यानंतर दहा मिनिटांचा चहा. संध्याकाळी साडेपाचला सुरू करून सव्वासातला मुलांचा भाग संपतो. आत्ताच्या स्पर्धेत पस्तीस-चाळीस मुलं तीन-चार तास बोलतात आणि प्रत्येक कुटुंब आपलं मूल झालं की उठून जातं, याची आठवण ठेवा.

खुर्च्यांपैकी निम्म्या शाळकरी मुलांसाठी राखा, तीच खरी श्रोते आहेत. दहा खुर्च्या अशा माणसांसाठी ठेवा ज्यांच्या हातात त्या त्या गोष्टीचा निर्णय आहे: वॉर्डाचे पार्षद, शाळेचे प्राचार्य, वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष. कॅन्टीनच्या डब्यांबद्दल बोलणाऱ्या मुलीसमोर तिच्या प्राचार्य बसलेल्या असल्या तर तिचं भाषण भाषणापुरतं राहत नाही.

मुलं काहीतरी भलतंच बोलतील ही भीती आपल्याला वाटेल. सहा आठवडे बरोबर काम केलं असेल तर मंचावर काय येणार ते आपल्याला माहीत असतं. राजकारण, धर्म, जात हे शब्द दिसले म्हणून विषय नाकारू नका. आकडे तपासा, कुणा खासगी माणसाचं नाव घेऊन आरोप नाही ना ते बघा आणि विरोधी मताला प्रामाणिक जागा दिली आहे का ते विचारा. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी. काही मुलं घरातलं आजारपण, भांडणं, स्वतःवर झालेला अन्याय सांगायला तयार होतात, कारण मोठी माणसं हेलावतात हे त्यांना कळतं. तिथे थांबवून विचारा: पाच वर्षांनी कॉलेजातल्या मित्राने हा व्हिडिओ पाहिला तर चालेल का? उत्तरात चाचरणं असेल तर तो भाग काढा. आणि बोलता बोलता मूल आत्ता खरोखर त्रासात आहे असं लक्षात आलं तर भाषण बाजूला ठेवून त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसापर्यंत ते त्याच दिवशी पोचवा. व्हिडिओसाठी आईवडिलांची लेखी संमती घ्या, मुलाला वेगळं विचारा, आणि कुणीही नंतर नको म्हटलं तर तो काढून टाकायची तयारी ठेवा.

बक्षीस नसेल तर मुलं येणार नाहीत, असं काही पदाधिकारी म्हणतील. पहिल्या वर्षी अर्ज कमी येतील, हे खरं आहे. बारा अर्जांतून आठ वक्ते मिळाले तरी पुरे. क्रमांक ठेवला की मूल परीक्षकांसाठी बोलतं आणि समोरच्या शंभर माणसांना विसरतं. सगळ्यांना एकसारखं एक पुस्तक द्या, त्यावर मंडळाच्या अध्यक्षांच्या हाताने दोन ओळी लिहून.

ऐकायची सवय तर या शहराला जुनी आहे. मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ असं तीन वेळा भरलं. इथल्या 'अभ्यास मंडळ' या संस्थेच्या ग्रीष्मकालीन व्याख्यानमालेला लोक ऐन उन्हाळ्यात येऊन बसतात. पंधरा वर्षांच्या मुलीलाही तेवढ्याच शांतपणे ऐकणारी शंभर माणसं आपल्या मंडळांत नक्की आहेत.

आषाढी एकादशीपासून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण सात आठवडे मिळतात. एकादशीच्या आठवड्यात तीन प्रश्नांचा कागद शाळांमध्ये आणि वसाहतींमध्ये पोचला तर सहा आठवड्यांचं काम चतुर्थीआधी पूर्ण होतं. तारीख ठरवण्याआधी चार-पाच शाळांकडून तिमाही परीक्षेचं वेळापत्रक मागून घ्या. बारावीच्या मुलांना निवडताना कोचिंगच्या वेळाही विचारा, कारण तालमी बुडतात त्या तिथेच. प्रत्येक वक्त्यामागे एक मार्गदर्शक लागेल, म्हणजे आठ माणसं, आठवड्यातून दीड तास. त्यातली काही आम्ही देऊ. उरलेली आपल्या मंडळातल्या निवृत्त शिक्षकांतून, नाटकात काम करणाऱ्यांतून, बँकेत किंवा दवाखान्यात रोज लोकांना समजावून सांगायची सवय असलेल्यांतून मिळतील. कार्यक्रमपत्रिका छापायला जाण्याआधी आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे पत्र वाचलं जावं आणि मोठ्या गटाच्या त्या ओळीखालचे विषय तेवढे खोडले जावेत, ही विनंती.

आपले,
इंदूरच्या वक्तृत्व स्पर्धांचे काही मार्गदर्शक आणि परीक्षक